'दोन वजा म्हणजे अधिक' हे अर्धवट वाक्य मुलांना पाठ करायला लावू नका

परवा सहावीतल्या भाचीने फोनवर ठामपणे सांगितलं, "मामा, −३ − ५ म्हणजे +८." आठवड्यापूर्वी हीच मुलगी संख्यारेषेवर बोट सरकवत बरोबर −८ वर पोहोचली होती. मधल्या दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'पूर्णांक संख्या एका मिनिटात' हा मेसेज आला आणि ताईने तो तिच्याकडून घोकून घेतला. त्यात चार गोष्टी आहेत: दोन वजा दिसले की अधिक करा, संख्यारेषेत वेळ घालवू नका, चिन्हं वेगळी असतील तर वजाबाकी करून मोठ्या आकड्याचं चिन्ह द्या, ऋण संख्या खऱ्या नसतातच, म्हणून नुसत्या पाठ करा.

सगळ्यात घातक पहिली. तापमान शून्याखाली ३ अंश आहे, रात्री ते आणखी ५ अंशांनी उतरलं. मेसेज खरा मानला तर सकाळी शून्याच्या वर ८ अंश हवेत! पुढे पाठवण्याआधी एवढंही कुणी ताडून पाहिलं नाही?

दोन ऋण संख्यांचा गुणाकार किंवा भागाकार धन येतो, आणि ऋण संख्या वजा केली की तेवढी भर पडते. नियम तिथला आहे. −३ − ५ मध्ये यातलं काहीच नाही. पहिलं चिन्ह संख्या शून्याच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगतं, दुसरं पाच काढायला सांगतं. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात हे नियम दिले. तिथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांचे नियम वेगवेगळे आहेत: ऋण आणि ऋण यांची बेरीज ऋण, त्यांचा गुणाकार मात्र धन. जवळपास चौदाशे वर्षांपूर्वी सुटा करून ठेवलेला गुंता आपण मुलांच्या डोक्यात परत का घालतोय?

गुणाकाराचं कारणही मुलांना दिसू शकतं. २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ०. दर पायरीला उत्तर चारने वाढतंय. मग (−१) × (−४) किती, हे मुलं आपणहून सांगतात.

संख्यारेषेबद्दल एवढं कबूल करतो की ऋण गुणिले ऋण तिच्यावर दाखवणं अवघड जातं. पण बेरीज-वजाबाकीला आणि लहान-मोठं ओळखायला तिच्याइतकं सोपं साधन नाही. तिसरा नियम बेरजेपुरता बरोबर आहे, पण 'मोठा आकडा' हे शब्द डोक्यात बसले की मुलं −८ ला −३ पेक्षा मोठं म्हणतात. ऋण संख्या खऱ्या नसतात, या चौथ्या दाव्याला उत्तर म्हणून शून्याखालचे अंश दाखवणारा थर्मामीटर पुरे.

संध्याकाळी भाचीसमोर लाल आणि पिवळी बटणं ठेवली. लाल म्हणजे −१, पिवळं म्हणजे +१, एकेक मिळून शून्य. −३ − (−५) करायचं होतं. तीन लाल बटणांतून पाच लाल काढणार कशी? थोडा वेळ अडली, मग तिनेच लाल-पिवळ्याच्या दोन जोड्या आणून ठेवल्या. शून्यच मिळवलं, म्हणाली. पाच लाल उचलली, दोन पिवळी उरली: +२. यात कुठेही पाठांतर लागलं नाही.

तो मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान पहिली ओळ बदला: 'दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो.'