खुलासा : राजमा थोडा असला तरी उकळी हवीच

एक-दोघांपुरताच राजमा करायचा असेल तर निम्मा वेळ पुरतो, आणि उकळी न आणता मंद आचेवर ठेवला तरी चालतो, असा सल्ला सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, दुसरी तर धोक्याची.

दाणे मूठभर असोत की किलोभर, आत पाणी शिरून मऊ व्हायला तेवढाच वेळ लागतो. वाचतो तो फक्त पाणी तापायचा वेळ. उलट छोट्या भांड्यात पाणी भराभर आटतं. अर्ध्या मापाला बरोब्बर अर्धं पाणी घातलं तर राजमा तळाला लागलाच समजा.

आता आच. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. कच्चे राहिलेले चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. ते निकामी होतं खळखळून उकळल्यावर. ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम राहिलं तर विषारीपणा वाढूही शकतो, आणि स्लो कुकर बऱ्याचदा तिथेच रेंगाळतो. म्हणून किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं उकळा (मी ३० धरते, गॅस जळला तर जळला). मग हवी तितकी मंद आच. डबाबंद राजमा शिजलेलाच असतो, त्याला हे लागू नाही.

मिठालाही उगाच बोल लावतात. भिजवताना घातलं तरी बिघडत नाही. टोमॅटो-लिंबू मात्र दाणा मऊ झाल्यावरच; आंबट आधी पडलं की दाणा शिजायचं नाव घेत नाही. रस्सा दाट हवा असेल तर पळीभर दाणे भांड्याच्या कडेला चिरडून त्यातच ढवळा.