पहिला टिन मॅन मेकअपने मेला नव्हता

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या हॉलिवूड सिनेमातला पहिला टिन मॅन, म्हणजे पत्र्याच्या माणसाची भूमिका करणारा पहिला नट, मेकअपमुळे मेला, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. १९३८ मध्ये या भूमिकेसाठी त्या नटाच्या, म्हणजे बडी एब्सन यांच्या चेहऱ्याला अ‍ॅल्युमिनियमची भुकटी फासत. ती श्वासावाटे फुप्फुसांत गेली, त्यांना धड श्वासही घेता येईना आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. दुखणं जिवावरचंच होतं, पण त्यातून ते वाचले. भूमिका मात्र जॅक हेलीकडे गेली आणि भुकटीऐवजी लेप आला.

पुढे १९६२ पासून नऊ वर्षं ‘द बेव्हरली हिलबिलीज’ या टीव्ही मालिकेतला जेड क्लॅम्पेट एब्सन यांनीच साकारला. अशा माणसाला तिशीतच मारून टाकणं हा त्यांच्या कामावर अन्यायच. २००३ मध्ये, ९५व्या वर्षी ते गेले. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या समूहगीतात त्यांचा आवाज आजही आहे.