‘दस्तऐवज’ म्हणा आणि मोकळे व्हा

पुस्तक वाचायला आठ-पंधरा दिवस जातात आणि मत द्यायला पाच मिनिटं. आधी काय उरकायचं ते तुम्हीच ठरवा. ‘सध्या काय वाचताय?’ असं कुणीही कधीही विचारू शकतं. अशा वेळी ‘सुरू केलंय, पण अर्ध्यावर अडलंय’ असं खरं बोलून बसलात, तर पुढचा तासभर समोरच्याची मतं ऐकून घ्यावी लागतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप. मी गेली बरीच वर्षं मतं देते आहे. मध्ये मध्ये वाचतेही.

सुरुवात खुणेपासून करा. आपण जिथवर पोचलो त्या पानात खूण घालायची भाबडी सवय सोडा. खूण पुस्तकाच्या तीन चतुर्थांशावर असावी. सुरुवातीला असली तर लोक कीव करतात, अगदी शेवटाला असली तर शेवटाबद्दल विचारतात. कागदी पुस्तकात हे निभून जातं, किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, मात्र पंचाईत आहे. २०१४ साली जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने एक आगाऊपणा केला. वाचकांनी सगळ्यांत जास्त अधोरेखित केलेल्या जागा किंडलवर दिसत असत. त्याने एकेका पुस्तकातल्या अशा पाच जागा घेतल्या, त्यांच्या पानांची सरासरी काढली आणि तिला एकूण पानांनी भागलं. लोक शेवटपर्यंत वाचत असतील तर खुणा पुस्तकभर पसरलेल्या असणार, एवढा साधा हिशेब. स्टीफन हॉकिंगच्या काळाच्या इतिहासाचा आकडा आला ६.६ टक्के. थॉमस पिकेटीच्या भांडवलावरच्या सातशे पानी ग्रंथाचा २.४, आणि त्यातली पाचवी लोकप्रिय खूण होती २६व्या पानावर. हे शास्त्रीय नाही, गंमत आहे, असं एलेनबर्गने स्वतःच सांगितलं होतं, पण जी अब्रू जायची ती गेली. तुम्ही शहाणे व्हा. ई-पुस्तक हातात आलं की आधी शेवटच्या प्रकरणात जाऊन तीन-चार वाक्यं रंगवून या, मग सावकाश पहिल्या पानावर झोपा.

(झोपेवरून आठवलं. श्याम मनोहरांच्या एका कादंबरीचं नावच ‘उत्सुकतेने मी झोपलो’ असं आहे. इतका नेमका अभिप्राय मला आजवर कुठल्याही पुस्तकाबद्दल देता आलेला नाही.)

जाडजूड कादंबरी असेल तर ‘उत्तरार्धात पकड सैल होते’ म्हणावं. ऐकणाराही उत्तरार्धापर्यंत गेलेला नसतो, त्यामुळे तो मनापासून मान डोलावतो. क्वचित एखादा गेलेला निघतो. त्याला ‘तुम्ही कितवी आवृत्ती वाचलीत?’ असं विचारा. तो मुखपृष्ठाचा रंग आठवत बसतो आणि तेवढ्यात विषय बदलता येतो.

‘कोसला’ला हे चालत नाही. ती १९६३ साली आली, आणि आता ती आवडली का हे कुणी विचारत नाही. कितव्या वर्षी वाचली ते विचारतात. विशीच्या आतलं वय सांगावं. मी ती चाळिशीत वाचली, नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी आले, पुस्तक मिटलं आणि दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही. पण सांगताना मी एकोणीस सांगते, ‘एका पिढीचा आवाज’ म्हणते आणि बोलता बोलता दोन-चारदा ‘उदाहरणार्थ’ पेरते, पुढे उदाहरण न देता. जाणकारांना तेवढं पुरतं.

‘मृत्युंजय’चं दुखणं उलटं आहे. ती सगळ्यांना आवडलेली आहे, म्हणजे आपल्याला आवडून चालत नाही. तिच्याविषयी बोलताना, कपाटात सापडलेल्या आपल्याच झबल्याविषयी बोलावं तसा आवाज काढा : ‘शाळेत असताना वाचली होती बाई, तेव्हा आवडली होती.’ मात्र खात्री करून घ्यायला पुन्हा उघडू नका. मी तो गाढवपणा केला. सहा जण आळीपाळीने कर्णाची गोष्ट सांगतात, त्यातलं त्याच्या भावाचं, शोणाचं तेवढं चाळू आणि ठेवून देऊ म्हणून दुपारी बसले, ती दिवेलागण झाली तरी तिथेच. भाषा अलंकारांनी वाकलेली आहे, अहो, माहीत आहे मला! घरातल्यांनी डोळे पुसताना पाहिलं, तेव्हा ‘निवेदनतंत्रावर टिपणं काढतेय’ असं सांगून वेळ मारून नेली.

डोळे पुसण्याचा विषय निघालाच आहे, तर या विद्येतल्या सर्वांत उपयोगी शब्दाकडे वळू. दस्तऐवज. ज्या पुस्तकाने तुम्हाला हसवलं, रडवलं किंवा मान खाली घालायला लावली, त्याला विनाविलंब दस्तऐवज म्हणावं. पुस्तक कपाटात जातं, कुलूप लागतं, किल्ली हरवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी अख्ख्या घराची जी धावपळ होते, ती वाचताना मी एकटीच इतकी हसत सुटले की शेजारच्या खोलीतून ‘काय झालं?’ अशी चौकशी झाली. मग पुढे नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचं कळतं, आणि ते हसू घशात अडकतं. एवढं सोसूनही बाई स्वतःची फजिती सांगायला विसरत नाहीत, त्यामुळे रडू आवरतं घ्यावं तर पुन्हा हसू. आता हे कुणाला सांगणार? ‘हिने पुस्तक वाचलं की गप्पा मारल्या?’ असं म्हणतील लोक. त्यापेक्षा ‘तत्कालीन स्त्रीजीवनाचा महत्त्वाचा सामाजिक दस्तऐवज’ म्हणावं. हसू बंद, रडू बंद, माना डोलू लागतात.

दया पवारांच्या ‘बलुतं’वर हा शिक्का मारण्यात तर दुहेरी सोय आहे. पुस्तक १९७८ सालचं. दस्तऐवज म्हटलं की त्यातलं सगळं झालंगेलं होतं, नोंदलं जातं, आणि वाचणाऱ्याकडे बोट वळत नाही. ‘हे वाचताना मला आमच्याच घरात सहज बोललं जाणारं एक वाक्य आठवलं आणि रात्री झोप लागली नाही’ असं कुणी बोलून गेलं, तर ते वाक्य कुठलं हेही सांगावं लागतं. मला ते वाक्य ठाऊक आहे. मी दस्तऐवजच म्हणते.

विज्ञानकथेच्या बाबतीत एक जुनी दुर्घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप अशा कुणा नवख्याची ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. परीक्षकांनी ती नुसती वाचली आणि आवडली म्हणून पहिलं बक्षीस देऊन टाकलं. मागाहून कळलं की जयंत विष्णु नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून हे नाव घेतलं होतं. हस्ताक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या अक्षरात पाठवली होती. नारळीकर निघाले म्हणून निभावलं. जगताप खरोखरच जगताप निघाले असते तर त्या परीक्षकांनी कुणाला तोंड दाखवलं असतं? तेव्हा आधी लेखकाचं नाव, मग प्रकाशक, मग पुरस्कार, मग प्रस्तावना कुणाची आहे ते पाहावं. एवढं झाल्यावर मजकुराची फारशी गरज पडत नाही.

रहस्यकथेचा शेवट फोडू नये, हा शिष्टाचार पाळावाच. फक्त तो आपल्याला आधीच कळला होता, हे लोकांना कळायला हवं. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’बद्दल मी एवढंच म्हणते, ‘खुनी कोण ते सांगत नाही, पण गोष्ट कोण सांगतंय तिकडे जरा लक्ष असू द्या.’ यावर लोक माझ्याकडे जे बघतात, त्याला मी आदर समजते. मी स्वतः जवळजवळ शेवटपर्यंत बटलरवर डोळा ठेवून बसले होते, ते सोडा.

अनुवादाला दोन मतं पुरतात. ‘अनुवाद वाटतच नाही’ हे एक आणि ‘मुळातली मजा नाही’ हे दुसरं. दोन्हींसाठी मूळ पुस्तक वाचावं लागत नाही. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली. एका रविवारी मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि तेव्हापासून मला त्यावर मत देता येत नाही. एका जागी मराठी सरस वाटतं, दुसऱ्या जागी इंग्रजी, आणि तोंड उघडलं की ‘तसं नाही हो, म्हणजे…’ असं काहीतरी होतं. असलं चाचरणारं मत कोण ऐकून घेणार?

आत्मविकासाची पुस्तकं आपण वाचत नाही. पहाटे पाचला कसे काय उठता, असं कुणी विचारलंच तर ‘झोप येत नाही’ म्हणा. चार दिवसांचाच प्रश्न असतो.

कवितासंग्रह चाललाय म्हणून सांगताना ‘थोडं थोडं वाचतेय’ म्हणावं. कविता सावकाश वाचायची असते असा समज असल्यामुळे हे दोन-तीन वर्षं सहज खपतं. कवी ओळखीचे असले की मात्र घोळ होतो. एका गृहस्थांनी मला सही करून संग्रह दिला आणि महिन्याभराने गाठून विचारलं, ‘कुठली आवडली?’ मी म्हटलं, ‘ती शेवटची.’ घरी येऊन पाहिलं तर शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता. ते बिचारे ‘तीच मलाही जवळची वाटते’ म्हणाले होते.

आणि आता एक उदाहरण, तुम्ही चुकूनही गिरवू नये असं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मी वाचनालयातून आणली होती. १९३९ सालची छोटीशी कादंबरी. महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून निघालेली बोट, बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. माझ्या आधी ती प्रत नेणाऱ्याने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे, म्हणून खोडरबर घेऊनच वाचायला बसले. आधी नुसत्या रेघा होत्या, त्या पुसल्या. मग एका पानावर, हॅर्टा बोलतेय आणि हा गप्प आहे अशा जागी, बारीक अक्षरात : ‘अरे, काहीतरी बोल.’ तेही पुसलं. थोडं पुढे नुसतंच ‘मूर्ख’. ते पुसताना हात जरा रेंगाळला, कारण माझंही तेच म्हणणं होतं. मग बोट मुंबईला लागायच्या सुमारास, ‘थांबव ना तिला!’ उद्गारचिन्हाच्या टिंबाशी पेन्सिलीचं टोक मोडलेलं, कागदाला बारीक भोक. मी खोडरबर बाजूला ठेवला. शेवटच्या पानाखाली बोथट झालेल्या पेन्सिलीने दोनच शब्द होते : ‘नाही थांबवलं.’

असलं काही लिहू नका. यात आशयसूत्र नाही, आकृतिबंध नाही, लेखकाचं वाङ्मयेतिहासातलं स्थान नाही. मी पुस्तक परत केलं आणि रीतसर मत लिहिलं : ‘युद्धपूर्व काळातील वंशद्वेषाच्या पार्श्वभूमीवर मानवी नात्यांचा वेध घेणारा दस्तऐवज. वाचनीय व संग्राह्य.’ बऱ्याच जणांनी वाहवा केली. एका बाईंनी तेवढं विचारलं, ‘शेवटी रडू आलं का हो तुम्हाला?’

‘शैली संयत आहे,’ असं मी त्यांना कळवलं.