तो ‘च’ मला नडला

नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘लाँग नॉनकोडिंग आरएनए (ज्यांच्यावरून प्रथिन बनत नाही असे लांब आरएनए) केंद्रकातच मुक्काम करतात.’ त्यावर तुमचं म्हणणं, हे साफ चूक आहे, नोराड नावाचा असाच एक आरएनए केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असतो. शिवाय पेशी फोडून केंद्रक वेगळं काढलं आणि दोन्हीकडचा आरएनए मोजला की झालं, सूक्ष्मदर्शकाचं एवढं कौतुक कशाला?

पहिला मुद्दा कबूल. तो ‘च’ मला नडला. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या एमआरएनएपेक्षा यांचा ओढा केंद्रकाकडे जास्त, एवढंच म्हणायला हवं होतं. नोराडचं तर कामच बाहेर: पेशीद्रवातली पुमिलिओ प्रथिनं तो स्वतःला चिकटवून घेतो, मोकाट सोडत नाही. तो काढला की पेशीविभाजनात गुणसूत्रांचा हिशेब चुकायला लागतो. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. एक्झिस्ट, मॅलॅट-१, नीट-१ हे तीन लाँग नॉनकोडिंग आरएनए घ्या. पेशी फोडून मोजलंत तर तिघांचं उत्तर एकच, ‘केंद्रकात’. आता फिश करून बघा, म्हणजे पेशी न फोडता आरएनए जागच्या जागी चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्या आरएनएला जुळणारे चमकणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रोब, चिकटले की निळ्या केंद्रकाच्या कडेला एक्झिस्टचा एकच ढग दिसतो, मादीच्या पेशीतल्या बंद पडलेल्या एक्स गुणसूत्रावर पांघरूण घातल्यासारखा. (बार आणि बर्ट्रॅम यांना १९४९ साली मांजरीच्या चेतापेशींत जो गडद ठिपका दिसला, तो हेच गुणसूत्र. त्यावरचा एक्झिस्ट सापडायला १९९१ उजाडलं.) मॅलॅट-१ न्यूक्लिअर स्पेकल्स या केंद्रकातल्या ठिपक्यांमध्ये पसरलेला. नीट-१ चे मात्र मोजके ठिपके, पॅरास्पेकल्स. त्याचा सुमारे २३ हजार अक्षरांचा (आरएनएच्या साखळीतली एक कडी म्हणजे एक अक्षर) लांब प्रकार नसेल तर ते बनतच नाहीत. म्हणजे दुसरा तयार खोलीत राहतो, तिसरा खोलीच बांधतो. सगळं घर मिक्सरमधून फिरवल्यावर हे कसं कळणार?

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो. पत्ता कळला म्हणजे धंदा कळला असं नाही. मॅलॅट-१ पेशीत एवढा मुबलक, पण २०१२ मध्ये त्याचं जनुक काढलेले उंदीर धडधाकट निघाले, त्यांना पिल्लंही झाली. शिवाय याच मॅलॅट-१ चं शेपूट कापलं जातं तेव्हा निघणारा ६१ अक्षरांचा तुकडा केंद्रकात थांबत नाही, पेशीद्रवात जातो. आता या एका जनुकाचा पत्ता कोणत्या रकान्यात लिहायचा, तुम्हीच सांगा.

मूळ लेखातला ‘च’ आज खोडला आहे.