वरून दिसतं ते छप्पर

गेल्या महिन्यात काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. उपग्रहाचे फोटो बघून कुठल्या गल्लीत लुटालूट होणार हे आता संगणकच सांगणार, असा त्याचा आव. खाली काकांची पुस्ती: "तुमच्या तिकडे हे केव्हाच सुरू झालं असेल." त्यावर चुलतबहिणीने ठणकावलं की ही सरळसरळ पाळत आहे. दोन दिवस ग्रुप पेटलेला. मी इंग्लंडमध्ये नकाशांच्या कामावरच पोट भरतो, म्हणून दोघांनीही मला साक्षीला ओढलं. माझी साक्ष दोघांनाही आवडली नाही.

काकांचं आधी. बाजारात मिळणाऱ्या उत्तम उपग्रहचित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण 30 सेंटिमीटर. आपल्या कार्टोसॅट-3 चा 25. वरून माणूस म्हणजे दोन-चार ठिपक्यांचा डाग. शिवाय असे बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला डोक्यावरून जातात. साखळीचोर काही त्यांची वेळ पाळत नाहीत. रात्रीचा उजेड टिपणारे उपग्रह वेगळे. त्यांतला 2011 साली सोडलेला सुओमी एनपीपी रात्री दीडच्या आसपास येतो, पण त्याचा ठिपका पाऊण किलोमीटरचा. तेवढ्यात गल्ल्या किती मावतात, ते काकांनीच मोजावं. आणखी गंमत म्हणजे त्याला निळसर उजेड जवळजवळ दिसतच नाही. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की खाली रस्ता उजळतो आणि चित्रात अंधारतो. भारतात 2015 पासून एक कोटीहून जास्त रस्त्यांवरचे दिवे असे बदलले गेले आहेत. त्या चित्रांवरून 'अंधारे भाग' शोधणाऱ्याने हे आधी डोक्यात ठेवलेलं बरं.

मागच्या नोव्हेंबरात माझा फोन गेला. संध्याकाळी स्टेशनाबाहेर मेसेज वाचत उभा होतो. मागून सायकलवरून एकजण आला आणि हातातून फोन हिसकून गेला. त्याच्या हातमोज्याचा खरखरीतपणा तेवढा बोटांना आठवतो. इथले पोलिस नोंदवलेल्या गुन्ह्यांचा नकाशा दर महिन्याला सगळ्यांसाठी खुला करतात. पुढे त्यात माझी चोरी शोधली, तर ती शेजारच्या रस्त्यावर सापडली. कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि त्या बिंदूच्या परिसरात किमान 8 पत्ते असतात, नाहीतर एकही नसतो. तारीख नाही, वेळ नाही, नुसता महिना.

धंद्याची सवय म्हणून त्या जागेचं उपग्रहचित्रही उघडलं. दिव्याच्या खांबावर झाडाने छत्री धरलेली, खाली सगळी सावली. वाटलं, सापडलं कारण! मग चित्राची तारीख बघितली: जून. माझा फोन गेला तेव्हा त्या झाडावर पान नव्हतं आणि दिवा लख्ख जळत होता.

उजेडाचं तरी कुठे सरळ आहे? न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत 2016 मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडावं तसे काही ठिकाणी प्रखर दिवे लावले, तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे 36 टक्क्यांनी घटले. त्याआधी शिकागोत मागच्या गल्ल्या उजळल्या, तर नोंदवलेले गुन्हे वाढले. कदाचित दिसायला लागले म्हणून. इंग्लंड-वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांचा अभ्यास 2015 मध्ये आला. दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी फक्त कपाळावर हात मारलेली इमोजी पाठवली.

झाडांचंही तसंच. बाल्टिमोरमध्ये 2012 च्या अभ्यासात झाडोरा 10 टक्के जास्त तिथे गुन्हे सुमारे 12 टक्के कमी असा मेळ दिसला, पण काही ठिकाणी, जिथे नुसतं रान माजलं होतं तिथे, उलटं. वरून बघणाऱ्याला दोन्ही हिरवंच. फिलाडेल्फियातला प्रयोग मला सगळ्यांत पटतो: 541 पडीक जागांपैकी काही साफ करून तिथे गवत-झाडं लावली, आणि गरीब वस्त्यांत गोळीबार 29 टक्क्यांनी कमी झाला. पडीक जागा कुठे आहेत, हे उपग्रह उत्तम सांगतो. त्याला तेवढंच काम द्यावं.

बहिणीची भीती मात्र मला चुकीच्या जागी वाटते. चेहरा दिसेल म्हणून नव्हे, छप्पर दिसतं म्हणून घाबरावं. पोलिसांच्या जुन्या नोंदी आणि उपग्रहचित्रं एकत्र घालून संगणकाला शिकवलं, तर तो गुन्हा शिकत नाही. पत्रे, ताडपत्र्या, चिकटलेली घरं शिकतो. मग जिथे तसे पत्रे तिथे लाल रंग, तिथे जास्त गस्त, जास्त गस्तीतून जास्त नोंदी, आणि पुढच्या फेरीत लाल आणखी गडद. 1871 च्या कायद्याने आपल्याकडे अख्ख्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या. हा शिक्का पत्त्यावरून बसेल. लॉस एंजेलिस पोलिसांनी गुन्ह्याची जागा आधीच वर्तवणारं त्यांचं सॉफ्टवेअर 2020 मध्ये बंद केलं. आपण ते नवीन म्हणून विकत घेऊ नये.

आपल्याकडे चित्रांची वाण नाही. दिल्ली पोलिसांनी तर इस्रोच्या मदतीने गुन्ह्यांच्या नकाशांची यंत्रणाही उभी केली. पण ती पोलिसांच्या पडद्यावर. लोकांच्या हाती येते ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची वार्षिक बेरीज, फार तर शहरापर्यंत. ती आली की कुठलं शहर जास्त असुरक्षित यावर चॅनेलांवर कुस्ती. गुन्हे वाढणं वेगळं आणि नोंदणी वाढणं वेगळं, हे तो विभाग स्वतः बजावतो, पण तेवढं वाचायला कुणाला वेळ असतो? इथला नकाशा धूसर आहे, दर महिन्याला मी त्याच्यावर वैतागतो, पण तो रस्त्यापर्यंत उतरतो आणि कुणालाही उघडता येतो.

शेवटी काकांनाच फोन लावला. "काका, तुमच्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती सोनसाखळ्या गेल्या?" त्यांनी आठवून तीन सांगितल्या, घरं आणि वेळेसकट. एक पहाटे फिरायला गेलेली बाई, दोन सांजवेळी. "तक्रार किती जणींनी केली?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "एकीने. बाकीच्यांच्या घरचे म्हणाले, स्टेशनात कोण हेलपाटे घालणार?"