गोखल्यांचं ते वाक्य

नोव्हेंबर लागला की नंदुरबारात हवेलाच ठसका असतो. पथारीवर मिरची पडलेली, वारा सुटला की चहा पिता पिता माणूस खोकतो. शिरीषकुमारच्या स्मारकापासून दोन गल्ल्या सोडून आमचा कट्टा. परवा २६ तारखेला नानांनी मोबाइलवर जुनी ‘उडान’ लावली. दूरदर्शनवरची, १९८९ सालची, कल्याणी पोलीस अधिकारी होते ती. विक्रम गोखले तिचे वडील. त्यांचा स्मृतिदिन म्हणून नानांनी लावली होती.

“बंद कर ते,” बापू म्हणाले. बापू निवृत्त शिक्षक, एरवी प्रमाण मराठी बोलतात; रागावले की अहिराणी येते. “त्यानं ते बोलनं माले आजबी पटस नही.”

ते बोलणं कोणतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. नोव्हेंबर २०२१. कंगना राणावत म्हणाली होती की १९४७ चं स्वातंत्र्य भीक होतं, खरं मिळालं २०१४ ला. आणि पुण्यातल्या एका कार्यक्रमात गोखले म्हणाले, मी तिच्याशी सहमत आहे. गदारोळ झाला तरी मागे हटले नाहीत.

नाना त्यांच्या बाजूचे. “पूर्ण काय बोलले ते तरी ऐका. जे फासावर गेले त्यांना वाचवायला त्या वेळच्या मोठ्या लोकांनी काही केलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हुतात्म्यांच्याच बाजूनं बोलत होता माणूस.”

“हुतात्म्यांच्या बाजूनं?” बापूंनी कप खाली ठेवला. “८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘चले जाव’ कुणी म्हटलं? त्याच मोठ्या लोकांनी. आणि महिन्याभरात, ९ सप्टेंबरला, आपल्या गावात शाळकरी पोरं तिरंगा घेऊन निघाली. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास. पाच जण गोळीनं गेले. हाक त्यांची आणि छाती यांची, हे वेगळं कसं काढणार? त्या सालाला भीक म्हटलं की पोरांनाच भिकारी म्हटल्यासारखं होतं.”

यावर नानांना लगेच उत्तर सुचलं नाही. मलाही वाटतं, त्या वाक्याला याहून नेमकं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही. दिल्ली-मुंबईत तो वाद पक्षांचा होता. आमच्याकडे तो दोन गल्ल्यांवरचा होता.

दिन्या आमच्यात लहान, राज्य नाट्य स्पर्धेत काम करतो. तो म्हणाला, “बापू, डॉक्टर लागू म्हणाले होते, देवाला निवृत्त करा. लोक किती चिडले होते. तेव्हा तुम्ही म्हणायचात, कलावंतानं असंच निर्भीड असावं. मग गोखल्यांनाच गप्प का बसवायचं?”

“मी गप्प बसा म्हटलं नाही. चूक आहे म्हटलं.”

हा फरक मला मोलाचा वाटला. त्या वर्षी समाजमाध्यमांवर मात्र तो कुणीच केला नाही. माणूस चुकला, तर त्याचं आयुष्यभराचं काम खोटं, असाच सूर होता. काम केवढं होतं! पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई, दोघी फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या. बाईनं पडद्यावर दिसणं म्हणजे बदनामी, असा तो काळ. वडील चंद्रकांत गोखले नट, आणि सैनिकांसाठी पदरचे पैसे देणारे. सैनिक आणि देश हा विषय त्या घरात कुठून येतो, ते यावरून कळतं. स्वतः विक्रम गोखल्यांनी मराठी रंगभूमी गाजवली, ‘अग्निहोत्र’सारख्या मालिकेतून घराघरांत गेले. २०१६ साली घशाच्या दुखण्यानं नाटक सोडावं लागलं, तरी मालिका शेवटपर्यंत चालूच होत्या.

दिन्या म्हणतो, त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे थांबणं. वाक्याच्या मधोमध ते असे थांबायचे की पुढचा शब्द आपण आतल्या आत शोधायला लागायचो. मला वाटतं, २०२१ ला आम्हाला जे लागलं ते यामुळेच. दुसऱ्या कुणी तसं बोललं असतं तर सोडून दिलं असतं. पण हा माणूस शब्द तोलून टाकतो हे आम्ही पन्नास वर्षं पाहत आलो होतो, म्हणून तो शब्दही तोलूनच टाकला असेल असं वाटलं आणि जास्त झोंबलं.

मग दिन्यानं ‘अनुमती’ काढला. पत्नी व्हेंटिलेटरवर, आणि सही करायची की नाही या पेचात अडकलेला निवृत्त मास्तर. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानसोबत विभागून. “आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ते पुण्यात अत्यवस्थ होते,” दिन्या म्हणाला, “तेव्हा लोकांनी काय केलं? गेले म्हणून आधीच जाहीर करून टाकलं. घरच्यांना सांगावं लागलं की ते अजून आहेत.”

तो श्रद्धांजलीचा निरोप मीही चार जणांना पाठवला होता. खात्री न करता. एका वाक्यावरून त्यांना बेजबाबदार म्हणणारा मी, त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या मरणाची बातमी वाटत होतो. हे मी कट्ट्यावर सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

बापूच बऱ्याच वेळानं बोलले. त्या वादाच्या आठवड्यात त्यांनी गोखल्यांना पत्र लिहिलं होतं, दोन पानी. पाच पोरांची नावं, मोरचा कुठून निघाला, सगळं. टाकलंच नाही. पत्ता मिळवायचा राहिला, मग वर्षभरात बातमी आली.

“टाकायला हवं होतं,” नाना म्हणाले. “त्यांनी वाचलं असतं.”

“वाचलं असतं. भांडलेही असते माझ्याशी,” बापू म्हणाले. “म्हणून तर लिहिलं होतं.”

नानांनी ‘उडान’ पुन्हा लावली. बापूंनी या वेळी अडवलं नाही, पण पाहिलंही नाही. उद्या ते पत्र घेऊन येणार आहेत.