चढ आहेच, फक्त लांबवर पसरलेला

नमस्कार,

डोंगराळ नदीखोऱ्यांतल्या रहदारीमुक्त सायकलवाटांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : डोंगराळ मुलुखाचं नाव घ्यायचं आणि जुन्या रेल्वेमार्गाच्या सपाट पट्टीवरून जायचं, याला टूरिंग, म्हणजे सामान लादून सायकलवरून केलेला लांबचा प्रवास, म्हणत नाहीत, घाट चढून माथ्यावरून खोरं बघावं. शिवाय अशा वाटांचं कौतुक करून आपण सायकलवाल्यांना रस्त्यावरून हुसकून लावायला हातभार लावतो. आणि ‘रहदारीमुक्त’ हा शब्द मी फार सैलपणे वापरलाय. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, त्याकडे येतोच. पहिला मात्र अजिबात पटलेला नाही.

ज्या वाटेला तुम्ही ‘सपाट पट्टी’ म्हणालात ती अमेरिकेतली ग्रेट अलेगेनी पॅसेज. कंबरलंड ते पिट्सबर्ग, सुमारे २४० किलोमीटर. कंबरलंड समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटरवर आहे आणि तिथून जेमतेम ३८ किलोमीटरांवर वाट पूर्वेकडच्या जलविभाजकावर, म्हणजे जिथून पाणी दोन वेगळ्या बाजूंना वाहतं त्या माथ्यावर पोचते, ७२९ मीटरवर. म्हणजे ५४० मीटर चढाई. हीच चढाई सात किलोमीटरांत आली असती तर तुम्ही तिला बिनदिक्कत घाट म्हणाला असतात. तुम्ही उंची मोजत नाही आहात, तीव्रता मोजताय. सायकल, सामान आणि स्वार मिळून जे वजन वर न्यायचं ते तेवढंच. चढ तीव्र असो की सौम्य, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचं काम दोन्हीकडे सारखंच. फरक एवढाच की, घाटात ते पाऊण-एक तासात वसूल होतं आणि इथे अडीच-तीन तास हप्त्याहप्त्याने.

आणि हे हप्ते हलके नसतात. मागच्या कॅरिअरवर दोन बाजूंना लटकवलेल्या भरलेल्या पिशव्या (पॅनिअर), वर तंबू, आणि दर शंभर मीटरला जवळपास दीड मीटर उंची. डोळ्यांना चढ दिसतच नाही. पाय मात्र एक मिनिट सोडून देता येत नाहीत, कारण थांबलात की सायकलही थांबते. घाटात निदान एखादं वळण सौम्य निघतं. दुपारी वर पोचेपर्यंत माझ्या मांड्यांनी जी तक्रार केली होती, तिला ‘सपाट’ हा शब्द लागू पडत नाही.

हा सौम्यपणा आला कुठून, तेही बघायला हवं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतं, त्यामुळे मालगाडी ओढणाऱ्या इंजिनाला शेकडा दोन चढसुद्धा भारी जातो. म्हणून रेल्वेवाल्यांनी नदीचा हात धरला, आणि नदीचं वळण परवडेना तिथे डोंगर पोखरला किंवा पूल टाकला. अरुंद खोऱ्यात सायकलवाल्याला एरवी दोनच पर्याय असतात. तळातला मुख्य रस्ता, जिथे सगळ्या खोऱ्यातली वाहनं एकवटतात. नाहीतर बाजूच्या गल्लीवजा वाटा, ज्या प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतात आणि पुन्हा सोंडेवर चढतात. बंद पडलेला रेल्वेमार्ग हा तिसरा पर्याय, आणि तो कुणीतरी आधीच खोदून ठेवलेला आहे.

माथ्यावरचं दृश्य हवं, हे म्हणणं मी समजू शकतो. पण खोरं फक्त वरूनच बघायचं असतं का? इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या वाय नदीवरची मॉन्सल ट्रेल घ्या. इथली रेल्वे १९६८ साली बंद झाली, आणि बोगदे पुढे २०११पर्यंत कुलूपबंद होते. आज हेडस्टोन बोगद्यात शिरलात की अर्धा किलोमीटर गारवा, टायरचा घुमणारा आवाज, आणि बाहेर पडताक्षणी तुम्ही थेट उंच पुलावर असता, खाली नदी वळसा घेतेय. मी तिथे उतरून कठड्याला टेकून अर्धा तास उभा राहिलो. कड्यावरून हाच पूल सुंदर दिसतो यात शंका नाही, पण पुलावर असणं वेगळं.

मला ज्याचं सगळ्यांत मोल वाटतं ते लेखात नीट आलं नव्हतं. अलेगेनीच्या वाटेवर माझी मोठी बहीण सोबत होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं तिचं दुसरं वर्ष. आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवत, बोलत गेलो. रस्त्यावर हे जमत नाही. तिथे एकामागे एक जावं लागतं आणि निम्मं लक्ष पाठीमागून येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाकडे असतं. तीन दिवसांत आईबद्दल आम्ही जे बोललो, ते घरी वीस वर्षांत बोललो नव्हतो.

आता हुसकून लावण्याचा मुद्दा. तुमची भीती निराधार नाही. जर्मनीत निळी गोल पाटी लावलेल्या सायकलमार्गावरूनच जाणं सक्तीचं असतं, मग तो थोडा खडबडीत असला तरी. अशा सक्तीला माझाही विरोध आहे. पण उलटी बाजूही आहे. कंबरलंडहून वॉशिंग्टनकडे जाणारी सुमारे २९७ किलोमीटरची जुनी कालव्याकाठची वाट, जिच्यावरून खेचरं होड्या ओढत, ती आज मोटारींचा रस्ता असती. १९५४ साली तसा बेत होता आणि एका मोठ्या वर्तमानपत्राने त्याला पाठिंबाही दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, माझ्यासोबत चालून बघा. आठ दिवसांत ते सगळी वाट चालले. शेवटपर्यंत टिकलेले नऊच जण होते. पुढे १९७१ साली तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. इथे सायकलवाल्याला कुणी रस्त्यावरून काढलं नाही, रस्त्यालाच वाटेवर येऊ दिलं नाही. रस्त्यावरचा हक्कही आपलाच आणि ही वाटही आपलीच, दोन्हीसाठी भांडायला मी तुमच्यासोबत आहे.

राहिला ‘रहदारीमुक्त’. इथे चूक माझी. डॅन्यूबकाठी पासाऊ ते व्हिएन्नाच्या मार्गाला मी सरसकट तसं म्हटलं होतं, पण त्याचे बरेच तुकडे गावातल्या शांत रस्त्यांवरून जातात आणि तिथे मोटारी येतात. मॉन्सल ट्रेल बक्स्टन गावापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर तुमचं तुम्ही काढायचं. लहान मुलं घेऊन येणाऱ्याने माझ्या एका शब्दावर विसंबून तिथे जाऊन अडकणं मला चालणार नाही. लेखात आता प्रत्येक मार्गापुढे कुठे रस्ता लागतो ते लिहिलंय. कालव्याकाठची वाट पावसानंतर चिखलाची होते, अरुंद टायर नकोत, हेही घातलंय. आणि अलेगेनीवरचा बिग सॅव्हेज बोगदा, सुमारे एक किलोमीटरचा, हिवाळ्यात बंद ठेवतात. डिसेंबरात कुणी तिकडे निघालं असेल तर आधी चौकशी करावी.

तुम्ही ज्या घाटाचा उल्लेख केलात त्याचा नकाशा मिळाला तर पाठवा. पुढच्या वर्षी बहिणीचा गुडघा साथ देईल असं वाटतंय.